आवर्तसारणीचा तक्ता पहिल्या दिवशी लावू नका

आमच्या शाळेच्या कपाटात आवर्तसारणीचा एक तक्ता आहे. पाठीला कापड, वर-खाली लाकडी पट्ट्या, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेला. अणूचा धडा सुरू झाला तरी मी तो कपाटातच गुंडाळलेला ठेवते. पोरं विचारतात, "मॅडम, तक्ता नाही लावत का?" मी सांगते, अजून आपल्याला त्याची गरज पडली नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी उलटं करायची. पहिल्याच तासाला तक्ता भिंतीवर, हातात पट्टी, आणि पाढ्यासारखा गजर: हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम. एका वर्षी एका पोट्ट्यानं वीसच्या वीस नावं एका दमात म्हटली. मी विचारलं, "कार्बन सहाव्याच नंबरवर काहून? सातव्यावर का नाही?" तो म्हणाला, "मॅडम, तिथं तसं छापून आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं, मी त्याला छापलेलंच शिकवलं होतं. त्या वर्षापासून क्रम बदलला. आधी अणू, मग पोरांच्या हातून मांडलेली वीस मूलद्रव्यांची सारणी, आणि शेवटी तक्ता. आठ तास लागतात. आठवीत अणूच्या आतलं येतं आणि आवर्तसारणी दहावीत. मधल्या दोन वर्षांत सगळं पुसून जातं, म्हणून ही छोटी सारणी मी आठवीतच करून घेते. दहावीला मग उजळणी तेवढी उरते.

पूर्व नागपुरातल्या शाळेत सव्वीस वर्षं हे करते आहे. त्यातलं जे टिकलं ते सांगते.

आधी अणू आणि परमाणूची गाठ सोडवा

ही अडचण पुण्या-कोल्हापूरच्या शिक्षकांना कदाचित कळायची नाही. नागपुरात अर्ध्या वर्गाच्या घरी हिंदी, गल्लीत हिंदी, आणि मोबाइलवर बघितलेला विज्ञानाचा व्हिडिओही हिंदी. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू जोडले की रेणू. हिंदीत त्याच लहान कणाला परमाणु म्हणतात, आणि अणु म्हणजे आपला रेणू! एका मुलीनं चाचणीत लिहिलं होतं, "पाण्याच्या अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात." मी लाल रेघ मारली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि मोबाइलवरच्या सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. हिंदीत ते शंभर टक्के बरोबर होतं. मी मार्क परत दिले.

म्हणून पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं फळ्यावर दोन रकाने. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. अणू – परमाणु. रेणू – अणु. मूलद्रव्य – तत्व. संयुग – यौगिक. अणुकेंद्रक – नाभिक. पेपरात अणुबॉम्ब आणि हिंदी बातम्यांत परमाणु बम का म्हणतात, ते पोरं मग आपणच सांगतात. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर हवा. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तिसरा रकाना वाढतो, एवढंच.

न दिसणाऱ्याचा आकार कंच्यांनी मोजायचा

अणू कोणी डोळ्यांनी पाहिला नाही, मग त्याच्या आत काय आहे हे कळलं कसं? हा प्रश्न पोरांच्या डोक्यात बसल्याशिवाय प्रोटॉन हा शब्द मी तोंडातून काढत नाही. त्यासाठी एक खेळ करते, आणि आठ तासांतला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, साठ सेंटिमीटर लांब-रुंद कापा. चार कोपऱ्यांखाली विटेचे तुकडे ठेवून तो जमिनीपासून चार बोटं उचला. खाली, मध्यापासून थोडी बाजूला, मलमाची काचेची लहान गोल डबी फरशीला दुहेरी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा. माझी डबी तीन सेंटिमीटर व्यासाची आहे. हे सगळं वर्ग भरायच्या आधी करायचं. पुठ्ठ्याखाली काय आहे ते पोरांना दिसता कामा नये, आणि वाकून बघणाऱ्याला कंचे, म्हणजे गोट्या, फेकायला मिळणार नाहीत, हा नियम आधीच सांगून ठेवायचा.

आता पुठ्ठ्याच्या एका कडेला दर तीन सेंटिमीटरवर खडूची खूण करा. अशा वीस खुणा होतात. प्रत्येक खुणेवरून पाच कंचे सरळ आत सोडायचे, म्हणजे एकूण शंभर. एक पोरगं सोडतं, एक समोर उभं राहून कुठून बाहेर आला ते बघतं, तिसरं वहीत लिहितं: सरळ गेला, तिरपा गेला, परत आला.

बहुतेक कंचे सरळ बाहेर पडतात. पहिली तीस-पस्तीस फेकी होईपर्यंत वर्गाला कंटाळा येतो, मागच्या बाकावरून "मॅडम, आत काहीच नाही" असा आवाज येतो. मग अचानक टक्! एक कंचा आला त्याच वाटेनं परत येतो. आख्खा वर्ग जागा होतो. शेजारच्या खुणेवरचे दोन तिरपे निघतात. पोरं आता आपोआप त्या दोन-तीन खुणांवर लक्ष ठेवतात, आणि वस्तू कुठे आहे ते कंचे संपायच्या आत पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढून दाखवतात.

पण मजा हिशोबात आहे. गेल्या वर्षी शंभरातले आठ आपटले. म्हणजे साठ सेंटिमीटर रुंदीतली आठ टक्के, चार पूर्णांक आठ सेंटिमीटर एवढी पट्टी अडलेली. कंच्याची स्वतःची जाडी दीड सेंटिमीटर, ती वजा केली की तीन पूर्णांक तीन. पुठ्ठा उचलून डबी मोजली तर तीन. न बघता, नुसत्या टकटकीवरून! फेकी पूर्ण सरळ नसतात म्हणून कधी पाच आपटतात, कधी दहा. उत्तर दीड-दोन सेंटिमीटरनं चुकलं तरी चालेल. दोन-तीन गटांचे आकडे एकत्र केले की ते डबीच्या आणखी जवळ येतं, आणि हेही पोरांना बघू द्या.

एक चूक मी केली होती, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी डबीऐवजी जेवणाचा मोठा स्टीलचा कटोरा पालथा घातला होता, नीट आवाज यावा म्हणून. तिसरा हिस्सा कंचे आपटले. पोरांनी निष्कर्ष काढला, "अणू बराच भरलेला असतो." पुढचे दोन तास ती समजूत काढण्यात गेले. वस्तू लहानच हवी. कंटाळा आला पाहिजे, तो कंटाळाच मुद्दा आहे.

यानंतर गोष्ट सांगायची. १८९७ मध्ये थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला आणि अणू म्हणजे धनप्रभाराच्या गोळ्यात रुतलेले इलेक्ट्रॉन, असं चित्र मांडलं. आपल्या भाषेत टरबूज: लाल गर धन, काळ्या बिया ऋण. मग मँचेस्टरला १९०९ साली रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे धनप्रभार असलेले बारीक कण, सोडले. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता, हे आवर्जून सांगा. अणू टरबुजासारखा असता तर कण सरळ पार जायला हवे होते. बहुतेक गेलेही. पण अगदी थोडे, हजारांत एखादाही नाही असे, उलटे फिरले. १९११ मध्ये रदरफर्डनं त्यावरून सांगितलं: अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि सगळा धनप्रभार मध्यावरच्या एका लहानशा केंद्रकात आहे, बाकी मोकळं. इथे एक फरक स्पष्ट करा. कंचा डबीवर आपटतो, अल्फा कण मात्र केंद्रकाला आपटून परत येत नाही. दोन्ही धन, म्हणून प्रतिकर्षणानं वळतो. खेळ हा खेळच असतो, त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं सोयीचं, हे दर वेळी सांगावं लागतं.

झिरो माइलवर ठेवलेलं संत्रं

अणू केंद्रकापेक्षा किती मोठा? मूलद्रव्यानुसार दहा हजार ते लाख पटीच्या घरात. "लाख पट" हा शब्द पोरांच्या कानावरून वाऱ्यासारखा जातो, म्हणून मी शहराचा नकाशा आणि कंपास काढायला लावते.

नागपूरच्या मधोमध असलेल्या झिरो माइलच्या दगडावर एक संत्रं ठेवलं असं समजा. सात सेंटिमीटर व्यासाचं, मृगातलं, मध्यम. ते झालं केंद्रक. लाख पटीनं अणूचा व्यास सात किलोमीटर, म्हणजे त्रिज्या साडेतीन किलोमीटर. कंपासनं गोल काढा. सदर आत, धरमपेठ आत, महाल आत, दीक्षाभूमी आत. फुटाळा तलावाचा काठ जवळपास रेषेवर. पारडीचा पोरगा ओरडतो, "मॅडम, माझं घर अणूच्या बाहेर!" नंदनवनवाल्यांचंही तेच होतं. मग विचारा: या सगळ्या गोलात एक संत्रं आणि थोडे इलेक्ट्रॉन सोडले तर काय आहे? काही नाही. इमारती, मेट्रो, माणसं, सगळं पुसून टाका.

वस्तुमानाचं प्रमाणही इथेच सांगून टाका. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. अर्धा किलोचा नारळ एका हातात आणि हरभऱ्याचा एक दाणा दुसऱ्या हातात द्या, साधारण तेवढा फरक येतो. १९३२ मध्ये चॅडविकनं शोधलेला न्यूट्रॉन वजनाला प्रोटॉनसारखाच, प्रभार मात्र शून्य. बोरचं १९१३ चं प्रारूप, ठरावीक कक्षांमध्ये फिरणारे इलेक्ट्रॉन, मी दहा मिनिटांत उरकते. आठवीला त्याहून जास्त झेपत नाही. फक्त "सूर्यमालेसारखं" हे शब्द टाळते. एकदा तसं म्हटलं की अकरावीपर्यंत ते डोक्यातून निघत नाही.

हजेरी क्रमांक हाच अणुअंक

चौथ्या तासाला वर्गातल्या पहिल्या वीस हजेरी क्रमांकांना मी मूलद्रव्यं वाटते. एक नंबर हायड्रोजन, सहा नंबर कार्बन, अकरा सोडियम, सतरा क्लोरीन, वीस कॅल्शियम. उरलेली पोरं दोन-दोन करून त्यांच्या मदतीला. आठवडाभर हजेरीला "सोडियम?" "हजर!" असं चालतं. एकदा ऑक्सिजन तीन दिवस गैरहजर होता, त्यावर झालेले विनोद इथे लिहीत नाही.

प्रत्येक गटाला स्टीलची थाळी, रांगोळी, आणि तीन पुड्या: मूग, उडीद, मोहरी. मूग म्हणजे प्रोटॉन, उडीद म्हणजे न्यूट्रॉन. अख्खे घ्या, डाळ नाही. दोन्ही दाणे साधारण एकाच आकाराचे असतात, म्हणून हीच जोडी घेते. मोहरी म्हणजे इलेक्ट्रॉन. आधी पंखा बंद करा. मी एकदा विसरले होते, आणि पहिल्याच मिनिटाला मोहरी उडून सगळ्या वर्गाचं आयनीभवन झालं.

रांगोळीनं थाळीत वर्तुळं काढायची. के, एल, एम, एन ही कवचं. इथे पंगतीचं उदाहरण चालतं. पहिल्या पंगतीला दोनच पाट, दुसऱ्या पंगतीला आठ, तिसरीला अठरा. पहिली भरल्याशिवाय दुसरी बसत नाही. सोडियमच्या थाळीत मध्ये अकरा मूग आणि बारा उडीद, बाहेर दोन, आठ, एक अशी मोहरी. क्लोरीनच्या थाळीत सतरा मूग, अठरा उडीद, बाहेर दोन, आठ, सात.

आता दोन प्रश्न. सोडियमच्या थाळीतून शेवटची मोहरी उचलून क्लोरीनच्या थाळीत टाका. "हा अजून सोडियमच आहे का?" पोरं भांडतात. अर्धी म्हणतात नाही, एक कमी झालं. मग दुसरा प्रश्न: मोहरी परत ठेवा, मूग एक काढा. दहा मूग मोजून वर्ग शांत होतो, आणि दहा नंबरचा पोरगा सावकाश म्हणतो, "मॅडम, हा तर मी झालो." मूग गेला की मूलद्रव्य बदललं. मोहरी गेली तर फक्त आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, झाला. अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, हीच ओळख का, हे त्या दहा नंबरच्या चेहऱ्यावर दिसतं, मला वेगळं समजवावं लागत नाही.

समस्थानिकांसाठी, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंसाठी, दप्तर. हजेरी क्रमांक सतराच, पण कोणाच्या दप्तरात दोन पुस्तकं जास्त. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७. निसर्गात साधारण तीनास एक या प्रमाणात असतात, म्हणून पस्तीस तीनदा, सदतीस एकदा, बेरजेला चारानं भागा: साडेपस्तीस. पुस्तकातला ३५.५ आला कुठून ते पोरांना स्वतः काढता आलं की दशांश बघून ती घाबरत नाहीत.

एक हुशार पोरगी दर वर्षी विचारते: तिसऱ्या पंगतीत अठरा पाट आहेत म्हणता, मग पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथीत का जाऊन बसतो? "नियमच आहे" असं सांगू नका. सांगा की पंगतीत आणखी छोट्या पंगती असतात, त्यांची ऊर्जा वेगवेगळी, आणि चौथ्या कवचातली पहिली छोटी पंगत तिथे आधी भरते. त्याचं गणित अकरावीत येईल.

चिन्हांबद्दल एवढंच. सोडियमचं 'एनए' आणि पोटॅशियमचं 'के' पाठ करायला लावण्याआधी नेट्रियम आणि केलियम ही लॅटिन नावं सांगा. माझ्या वर्गात काटोल-नरखेडकडून येऊन मामाकडे राहणारी पोरं असतात, त्यांना मी खताच्या पोत्यावर काय लिहिलं असतं ते विचारते. "एनपीके!" नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश. 'के' त्यांना माझ्याआधी माहीत असतो.

लग्नपत्रिकांची सारणी

पाचवा आणि सहावा तास पत्त्यांचा. घरी साठलेल्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ कापून कार्डं करा, सतरा. हेलियम, निऑन आणि अर्‌गॉन बाजूला ठेवा. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा हे निष्क्रिय वायू त्याला माहीत नव्हते. अर्‌गॉन सापडला तो १८९४ साली. कार्डावर नाव लिहायचं नाही. अणुवस्तुमान, धातू की अधातू, साध्या तापमानाला स्थायू की वायू, पाण्याशी काय करतो, आणि "हात किती" म्हणजे संयुजा. एवढंच.

गटाला सांगा: वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं रांग लावा आणि हातांचे आकडे मोठ्यानं वाचा. लिथियमपासून: एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. पुन्हा एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. दुसऱ्या फेरीला वर्गात कोणीतरी बाकावर लेझमाचा ठेका धरतंच. मग "एक" खाली "एक" येईल अशी रांग तोडायला सांगा. लिथियमखाली सोडियम, त्याच्याखाली पोटॅशियम. फ्लुओरीनखाली क्लोरीन. उभ्या ओळी म्हणजे गण, आडव्या म्हणजे आवर्त. हे शब्द आता सांगा, आधी नको.

पण मी सतरा कार्डं कधीच देत नाही. सोळा देते. सिलिकॉनचं माझ्या पर्समध्ये असतं. नीट मांडणी केली की कार्बनच्या खाली भोक पडतं. जी पोरं घाईत असतात ती फॉस्फरस सरकवून भोक बुजवतात, आणि मग पुढचे सगळे हात चुकतात: चारखाली तीन, तीनखाली दोन. त्यांना चुकू द्या. बाजूचा गट ओरडून सांगतोच. भोक रिकामं ठेवलं की विचारा: इथला जो कोणी गायब आहे, त्याचं वर्णन लिहा. ॲल्युमिनियम सत्तावीस, फॉस्फरस एकतीस, म्हणजे हा एकोणतीसच्या आसपास. हात चार. क्लोरीनचे चार अणू धरेल. स्थायू असेल. वह्या पूर्ण झाल्या की पर्समधून कार्ड काढायचं: २८.१, चार हात, स्थायू.

मग मेंडेलीव्हला आणा. त्यानं ६३ मूलद्रव्यांत अशीच भोकं ठेवली आणि न सापडलेल्यांची वर्णनं लिहिली. नाव देताना त्यानं संस्कृतातला 'एक' उचलला: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. आपल्या पोरांना हे ऐकून गुदगुल्या होतात. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम. गॅलियम शोधणाऱ्या ब्वाबॉद्राननं घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हनं कळवलं, ५.९ असायला हवी, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ भरली! ज्यानं धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता तो, ज्याच्या हातात होता त्याला चूक सांगत होता. आणि गॅलियम वितळतं २९.८ अंशांना. आपल्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, ते बाटलीत पाऱ्यासारखं हलत राहील. हे वाक्य पोरं परीक्षेत लिहितात, लिहू देते.

मेंडेलीव्हची अडचणही लपवू नका. टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९. वस्तुमानानं लावलं तर आयोडीन आधी येतं आणि भलत्याच गणात जातं. मेंडेलीव्हनं गुणधर्म बघून अदलाबदल केली. ती बरोबर का होती ते मोझलीनं १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवलं: क्रम वस्तुमानाचा नाही, अणुअंकाचा. पीटीच्या तासाला उंचीनं उभं राहता, हजेरीला नंबरनं. मेंडेलीव्ह उंचीनं लावत होता आणि दोघा-तिघांना अंदाजानं जागा बदलायला लावत होता, मोझलीला हजेरीपट सापडला. तो सत्ताविसाव्या वर्षी, १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. हे सांगितल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प असतो. मी पण.

प्रयोग कोणते, किती

सोडियम पाण्यात टाकून दाखवायचं असेल तर मुगाच्या दाण्याहून लहान तुकडा, चिमट्यानं, रॉकेल टिपून, आणि पोरं तीन मीटर लांब. मी एकदा दाणा जरा मोठा घेतला. फट्ट झालं, काचेच्या भांड्याला तडा गेला, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या ओढणीला भोक पडलं. नशीब ओढणीवर भागलं. आता मी ते करत नाही.

ज्योतीचे रंग मात्र करते. दाराशी, मोकळ्या हवेत. स्पिरिटच्या दिव्यावर ओल्या तारेनं मीठ धरलं की पिवळी ज्योत. दूध उतू गेल्यावर गॅस पिवळा होतो तो हाच सोडियम. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, धरलं की हिरवी. मोरचूद म्हटलं की संत्र्याच्या बागेतली पोरं सरसावून बसतात. झाडाच्या खोडाला डिंक्या होऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम त्यांनी स्वतः लावलेलं असतं. तांबं आणि कॅल्शियम एकाच बादलीत! मोरचूद विषारी आहे, हात धुवून घ्या, एवढं दोनदा सांगा.

अणूच्या आकाराचा कल शेवटी. पोरांना वाटतं, उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात म्हणजे अणू मोठा होणार. समजवत बसू नका, दुसऱ्या आवर्ताच्या त्रिज्या विस्कटून द्या आणि क्रम लावायला सांगा, पिकोमीटरमध्ये: लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. घटतात. का? पंगत तीच, पण मधे उभा राहून जेवण वाढणारा माणूस जास्त जोरानं ओढतो: केंद्रकातले प्रोटॉन वाढले, कवच नवीन नाही. खाली उतरताना मात्र दर वेळी नवी पंगत: लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१.

आता तक्ता

आठव्या तासाला तक्ता उघडायचा. पोरं आधी आपली वीस घरं शोधतात, मग मधल्या मोठ्या ठोकळ्याकडे बोट दाखवतात: हे कोण? इथे मी मनसरच्या खाणीतला एक काळा, जड दगड टेबलावर ठेवते. मँगनीजचं खनिज. त्या खाणी चालवणाऱ्या 'मॉइल'चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मँगनीजचा नंबर २५, मधल्या ठोकळ्यात. दगड हातोहात फिरतो, तळवे काळे होतात, पुढच्या तासाच्या सरांच्या तक्रारी येतात.

माझा तक्ता जुना आहे, त्यात शेवटची काही घरं रिकामी होती. २०१६ मध्ये निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसन ही नावं पक्की झाली, तेव्हाच्या वर्गानं ती पेननं लिहून ११८ पूर्ण केले. सातवं आवर्त भरलं. यंदा एकानं बाकावर चढून विचारलं, "मॅडम, ११९ सापडला तर कुठे येईल?" मी म्हटलं, तूच सांग. त्यानं बोटानं ओळी मोजल्या. नवी पंगत, पहिला पाट, फ्रान्सियमच्या खाली. तिथे कागद संपत होता. मग त्यानं लग्नपत्रिकेचा एक तुकडा घेतला, डिंक लावला, आणि तक्त्याच्या डाव्या बाजूला, लाकडी पट्टीवरच, चिकटवला.